वाचून दाखव

फेब्रुवारी संपत आला की सोलापूरचं ऊन एकदम वयात येतं. कालपर्यंत हवंहवंसं वाटणारं ऊन आज सकाळी दहालाच सगळ्या माणसांना रस्त्याच्या एका बाजूला ढकलतं. कडुलिंबाची पानं पिवळी होऊन शाळांच्या पटांगणांत पडतात. शिपाईमामा ती झाडून कोपऱ्यात ढीग लावतात आणि दुपारच्या वाऱ्यानं ती पुन्हा वर्गांच्या दारात येऊन बसतात. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे कधीच उतरलेले असतात, रसवंतीचे घुंगरू नुकते वाजायला लागलेले असतात. या दिवसांत माझ्या पिशवीत प्लास्टिकच्या वेष्टणातलं एक जाड पान असतं, आणि मी कुठल्या तरी अनोळखी मुलासमोर बसून म्हणत असते, "वाचून दाखव."

यंदाही म्हणते आहे. पण हे दोन शब्द तोंडातून निघाले की मन माझ्या पहिल्या खेपेच्या त्या उन्हाळ्याकडे जातं, आणि समोरचं मूल सुरुवात करेपर्यंत मी तिथंच असते.

काम साधं आहे. एका संस्थेतर्फे आम्ही महापालिकेच्या शाळांत जातो आणि दुसरी-तिसरीच्या मुलांचं वाचन तपासतो. पानाच्या एका बाजूला सुटी अक्षरं आणि छोटे शब्द. दुसऱ्या बाजूला एक उतारा आणि एक लहानशी गोष्ट. मूल जिथवर सहज पोचतं त्या पायरीवर खूण करायची. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं की मूल चुकलं तरी आपला चेहरा बदलता कामा नये, आणि बरोबर आलं तरीही नाही. बाकीच्या मुलींना ते फार जड गेलं. मला अजिबात गेलं नाही. हिच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही, असं आमच्या घरी सगळे म्हणतातच.

अवघड होतं ते दुसरंच. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी आमच्या घरात बोलायची भाषा होती आणि शाळेत आठवड्यातून काही तास येणारा एक विषय. मी मराठी वाचायचे ते अंधारात जिना उतरल्यासारखं, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. लहानपणी रिक्षात बसून दुकानांच्या पाट्या वाचायला जायचे, तर पाटी संपायच्या आत रिक्षा पुढच्या चौकात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या नसीमताईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. नसीमताई बेगम पेठेतल्या, या कामात मुरलेल्या, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात वापरणाऱ्या. मला त्या इंग्लिश मॅडम म्हणायच्या.

"इंग्लिश मॅडम, पोरं वाचेपर्यंत तुम्ही पण वाचून घ्या हळूहळू. फुकटात शिक्षण आहे की."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकदा एका शाळेत केम गावाकडून आलेला एक मुलगा भेटला. आईवडील बांधकामावर, हा दुसरीत. त्यानं सगळं पान घडाघडा वाचलं, गोष्टसुद्धा, आणि पान माझ्याकडे सरकवून म्हणाला, "म्या वाचलं. आता तुमी वाचा की."

नसीमताईंनी तोंडावर पदर धरला. मी वाचलं. तो एका पायाची टाच दुसऱ्या पायावर घासत लक्ष देऊन ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "येतंय की तुमाला. पन लई थांबता."

त्या थांबण्यातूनच मला काहीतरी दिसायला लागलं असावं. ज्यांना भरभर वाचता येतं त्यांना वाचणं दिसतच नाही. डोळा पडतो आणि शब्द झालेला असतो. मला मात्र मुलांच्या ओठांवर तो होताना दिसायचा. एक मुलगी 'क' म्हणायची, मग 'म', मग 'ळ', तिन्ही एकमेकांना न ओळखणारी माणसं. मग ती जरा थांबायची. त्या थांबण्यात नक्की काय होतं हे मला आजही सांगता येत नाही. तिचे डोळे पानावरून निघून कुठेतरी आत जायचे, आणि परत यायचे ते कमळ घेऊनच. कमळ म्हणताना आवाज वेगळा असायचा. तिन्ही अक्षरं म्हणणारी मुलगी आणि कमळ म्हणणारी मुलगी या दोघी वेगळ्या वाटायच्या. प्रत्येक माणसानं आयुष्यात एकदा ही उडी मारलेली असते आणि कुणालाच ती आठवत नाही. मला चालायला कधी आलं हे घरचे सांगतात. वाचायला कधी आलं हे कुणीच पाहिलेलं नसतं. आणि माझ्यासमोर ते रोज घडत होतं. व्हरांड्यात, खिचडीच्या वासात, कुणाच्या तरी सांडलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी. मी माझा चेहरा नियमाप्रमाणे स्थिर ठेवून बसायचे आणि आत मला मंदिरात उभं असल्यासारखं वाटायचं.

आम्ही समोरासमोर बसायचो. त्यामुळे मुलाचं पान माझ्या बाजूनं उलटं दिसायचं. सुरुवातीला मी त्याच पानावरून मूल काय वाचतंय ते पडताळायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या शब्दालाच हरवले. उलटं धरलं की मराठी माझ्यासाठी मराठी राहायचीच नाही. मग नसीमताईंनी मला एक वेगळी प्रत दिली, माझ्या मांडीवर सरळ ठेवायला.

भवानी पेठेतल्या त्या शाळेत आम्ही गेलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. शाळेच्या मागच्या बोळात यंत्रमाग आहेत. त्यांचा आवाज भिंतीतून यायचा, खटक खटक, एकसारखा. तिथली मुलं नकळत त्या ठेक्यावर वाचायची. मध्येच वीज जायची, माग गप्प व्हायचे, आणि वाचणारं मूल आपलाच आवाज इतका मोठा ऐकून दचकून थांबायचं. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू. वर्गात मराठी, मैदानात दोन्ही.

तिथल्या माने बाईंकडे दुसरीचा वर्ग होता. मध्यम वयाच्या, घामानं चष्मा घसरणाऱ्या, प्रत्येक मुलाला नावानं हाक मारणाऱ्या. मुलं बाहेर पाठवण्याआधी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मेघनाचं जरा नीट बघा हं. पहिलीचं वर्ष तिचं आजारपणातच गेलं. फळ्यावरचं सुरेख उतरवते, सगळ्यांबरोबर म्हणायला लावलं की म्हणते. एकटीला वाच म्हटलं की गप्प. आणि तिची आई म्हणते, यंदाही वाचायला आलं नाही तर शाळा बंद. भिवंडीला हिची आत्या असते. तिला बाळ झालंय, सांभाळायला कुणी नाही. हिला तिकडे पाठवणार."

"एवढीशी आहे ती," मी म्हणाले.

"आईचं म्हणणं, शाळेत डोकं चालत नाही तर निदान हाताला वळण लागेल. मी सांगून बघितलं. तिला वाटतं, बाई आपल्या वर्गातलं पोर सोडायला तयार नाहीत म्हणून गोड बोलतात. तुम्ही बाहेरच्या. तुमची तपासणी काय म्हणते त्यावर ती ठरवणार आहे."

मला ते ऐकून पाणी प्यावंसं वाटलं. माझ्या खुणांनी कुणाचं गाव बदलेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेघना आली. घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि गणवेशाला तंबाखूचा मंद वास. तो वास त्या भागातल्या पुष्कळ मुलींच्या कपड्यांना असतो, कारण घरी आया विड्या वळतात. ती बाकावर बसली. मी पान तिच्यासमोर ठेवलं. तिनं एका बोटानं ते गरकन फिरवलं. मला वाटलं, खेळते आहे. शेजारी उभ्या असलेल्या माने बाईंनी वाकून पान पुन्हा नीट केलं. "सरळ ठेवून बघ गं. घाबरू नको."

मेघनानं दोन्ही हात मांडीवर घेतले. उताऱ्याकडे तिनं खूप वेळ पाहिलं. आपण बोळ चुकून अनोळखी दारात उभं राहिल्यावर पाहतो तसं. मी पानाची दुसरी बाजू दिली. अक्षरांतली दोनचार तिनं अडखळत सांगितली, बाकीच्यांवर मान हलवली. मागे माग चालू होते. मी माझा चेहरा नेहमीसारखा ठेवला आणि पहिल्या पायरीवर खूण केली.

पहिल्या पायरीवर राहिलेल्या मुलांच्या घरी जायचं असतं. आईवडिलांशी बोलायचं, घरी काय करता येईल ते सांगायचं. तीन-चार दिवसांनी दुपारी मी आणि नसीमताई मेघनाच्या बोळात शिरलो तेव्हा माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. मेघनाला अजून थोडा वेळ लागेल. ते मी वाटेत इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्याचा अर्थ निघून गेला होता. बोलायचं नसीमताईंनीच असं मी मनाशी धरलं होतं. पण बोळाच्या तोंडाशीच त्यांना कुणी जुनी ओळखीची भेटली. "तू हो पुढे, मी आलेच चहा घेऊन," म्हणून त्या शेजारच्या घरात गेल्या.

दाराबाहेर चपलांची गर्दी होती. आत एकच खोली, वर माळा, पंखा मंद फिरत होता. भिंतीला टेकून बायका बसलेल्या, मांडीवर सुपं, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. बोटं चाललेली. पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, टोक आत. कुणी हातांकडे बघत नव्हतं. उंबऱ्याशी, दाराच्या उजेडाला पाठ करून, एक मोठी मुलगी पेपर वाचत होती. ती मेघनाची बहीण सुजाता, सातवीतली. मला नंतर कळलं की तिथं अशी पद्धतच आहे. दुपारच्या वेळी कुणीतरी वाचायचं आणि बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचं. वाचणारीला तेवढा वेळ काम माफ.

"या, बसा," मेघनाची आई म्हणाली. पद्मक्का म्हणायचे तिला सगळे. उंच, सडपातळ बाई, आवाजात कसलीही घाई नाही. "शाळेतनं आलात न्हवं? एवढं भविष्य होऊ द्या. न्हायतर ह्या बाया मला सोडायच्या न्हाईत."

मी उंबऱ्याजवळ टेकले.

"माझी तूळ वाच की गं," एक म्हातारीशी बाई म्हणाली.

"तुझी तूळ कधी झाली? काल तर कन्या म्हणलीस," दुसरी.

"काल कन्येला काय चांगलं न्हवतं."

सगळ्या हसल्या. सुजातानं वाचायला सुरुवात केली. तूळ राशीला प्रवासाचा योग होता. "प्रवास? हिला? नळावर जायचा आसंल," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसणं.

मेघना सुजाताच्या समोर होती. सुजाताच्या एका अंगाला दाराची चौकट, दुसऱ्या अंगाला ओल्या गोणपाटात झाकलेली पानांची टोपली. जागा होती ती फक्त समोर. पेपर दोघींच्या मध्ये जमिनीवर पसरलेला. मेघना पोटावर पालथी पडून, हनुवटी तळव्यांवर टेकवून त्यात बघत होती. तेवढ्यात दारात कुणीतरी सुजाताला हाक मारली आणि ती मान वळवून बोलायला लागली. बायका थांबल्या. तूळ अर्ध्यावर राहिली होती.

मेघनानं ती पुरी केली. वर न बघता, सुजाताच्याच सुरात. जुन्या मैत्रिणीची भेट होईल, संध्याकाळ आनंदात जाईल.

कुणालाच काही वाटलं नाही. "पाठ झालंय तिला ऐकून ऐकून," म्हातारी म्हणाली. "रोज तेच तर असतंय."

ते खरं असू शकत होतं. रोज कुणाला तरी जुनी मैत्रीण भेटतच असते. पण माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं होतं. बोट ओळीवरून चाललं होतं, तिच्या उजवीकडून डावीकडे. सुजाताच्या बाजूनं बघितलं तर नेमकं डावीकडून उजवीकडे. आणि ते बोट आवाजाच्या जरासं पुढे होतं.

मला काय करायचं ते माहीत नव्हतं. विचारायचं तर सगळ्या बायकांसमोर बोलावं लागलं असतं. म्हणून मी जे करू शकत होते ते केलं. पिशवीतून पान काढलं, गोष्टीची बाजू वर करून जमिनीवर ठेवलं, माझ्याकडे सरळ आणि तिच्याकडे उलटं, आणि हळूच म्हणाले, "मी वाचते. तू ऐकशील?"

मी वाचायला लागले. एका विहिरीत एक कासव राहत होते. माझ्या सवयीनं मी प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. दुसऱ्या वाक्यात मी अशीच थांबले आणि समोरून पुढचा शब्द आला. मी पुढे गेले, पुन्हा थांबले, पुन्हा आला. मग मी गप्प बसले. ती थांबली नाही. विहीर आटली, कासव पायरी पायरीनं वर आलं, त्याला पहिल्यांदा आभाळ पूर्ण दिसलं. बोट तिच्याजवळच्या ओळीपासून लांबच्या ओळीकडे चालत गेलं आणि माझ्या गुडघ्याजवळ शेवटच्या शब्दावर येऊन थांबलं.

आपली अक्षरं रेघेला टांगलेली असतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी. तिची रेघेवर उभी होती, फळीवर मांडलेल्या डब्यांसारखी. मी किती तरी दिवस त्या बाजूनं बघून हरले होते. ही मुलगी कुणीही न शिकवता, बहिणीच्या आवाजाखाली एकेक खूण ठेवत, ती सगळी अक्षरं मिळवून बसली होती. शाळेत गेल्यावर तिनं आपलं पान आपल्या बाजूनं फिरवून घेतलं असणार, प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मायेनं ते सरळ केलं असणार. शेवटी तिनं हात मांडीवर घ्यायला सुरुवात केली.

माझ्या अंगावर काटा आला होता. तो दिसू नये म्हणून मी ओढणी हातांवर ओढली.

"काय झालं?" पद्मक्का म्हणाली.

आता मला बोलावंच लागणार होतं. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. मेघनाला वाचता येतं, ती समोर बसून शिकली आहे, म्हणून तिला उलट्या बाजूनं येतं, असं काहीतरी. निम्मी वाक्यं अर्धवट राहिली. तयार करून आणलेलं वाक्य तर कुठल्या कुठे गेलं होतं.

पद्मक्कानं हातातली विडी पुरी केली, सुपात ठेवली. "शाळेत तर येत न्हाय म्हणले."

"शाळेत पान सरळ होतं."

"मग? सरळ येत न्हाय आन् उलटं येतंय?" ती हसली नाही. "ताई, मला खरं ते सांगा. बाई पन गोडच बोलतेत. मी पोरीचं ठरवायचं कशावर? ती गोष्ट तुमी आदी वाचलीत. भविष्य रोजचंच हाय."

तिचं बरोबर होतं. पद्मक्कानं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पेपर स्वतःकडे ओढला. पानं चाळली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, हे ती ज्या सहजपणे चित्रांवरून नजर नेत होती त्यावरून कळत होतं. आतल्या पानावर खाली एक चौकट होती, बारीक अक्षरांची. चित्र नाही, काही नाही. सुजातानं अशी चौकट कधी वाचली नसती. पद्मक्कानं त्यावर बोट ठेवलं आणि पेपर स्वतःच्या आणि मेघनाच्या मध्ये ठेवला. "सदुवु," ती मेघनाला तेलुगूत म्हणाली. वाच.

पण पेपर ठेवताना तो आडवा पडला होता. मेघनानं तो धरला आणि फिरवला. आईकडे सरळ, स्वतःकडे उलटा. कुणीही तिचा हात धरला नाही.

मेघना वाचायला लागली. भविष्यासारखं ते सरसर येत नव्हतं. शब्द लांब होते. जलवाहिनी. तिनं 'जल' म्हटलं, थांबली, 'वाहिनी' म्हटलं, मग दोन्ही जोडून एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं. दुरुस्तीचं काम. तीही उडी मी पाहिली. पुढे पेठांची नावं होती. त्यांत भवानी पेठ आल्यावर तिचा आवाज चढला, कारण ते तिच्या घराचं नाव होतं. मग शेवटचं वाक्य. उद्या या भागांत पाणी येणार नाही.

सगळ्यांची बोटं थांबली.

"काय म्हणली ती?" म्हातारी.

"उद्या पाणी न्हाय."

"उद्या तर आपली पाण्याची पाळी."

"न्हाय म्हणतंय की पेपरात. आईक की."

"अगं, माझा हौद तळाला लागलाय." एक बाई उठलीच. दुसरीनं सूप भिंतीला उभं केलं. "शेजारी सांगून येते, त्या आजच धुणं भिजवतेत." बाहेर चपला शोधण्याची घाई, बोळात हाका, एका दारातून दुसऱ्या दारात. कुणी सुजाताला पुन्हा वाचून बघ म्हटलं नाही. कुणी मला विचारलं नाही. पोरीनं वाचलं होतं आणि बोळ हंडे-कळशा शोधायला लागला होता. मी महिनाभर ज्या पानाला धरून वाचन मोजत होते त्या पानाला इतकी मोठी खूण करायची सोयच नव्हती.

गडबड ऐकून नसीमताई हातातला कप घेऊनच आल्या. मी त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ऊन लागलं की काय या मुलीला. मग त्या मेघनासमोर खाली बसल्या, पेपरातल्या तीन-चार जागांवर बोट ठेवलं, तिनं वाचलं. नसीमताई उठल्या.

"या अल्ला," त्या हळू म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "माने बाईंना उद्याच सांगू. एकदम सरळ नको करायला. रोज थोडं थोडं पुस्तक फिरवत आणायचं. येईल ती या बाजूला. अक्षरं तर तीच आहेत."

खोलीत आता पद्मक्का, दोन्ही मुली आणि आम्ही एवढेच उरलो होतो. पंख्याखाली तेंदूच्या पानांची कातरणं इकडून तिकडे सरकत होती. पद्मक्का माझ्याकडे वळली. नसीमताईंकडे नाही, माझ्याकडे.

"म्हणजे हिला येतंय म्हणायचं?"

आयुष्यात मी बरीच उत्तरं खाली मान घालून दिली आहेत. हे मी तिच्याकडे बघून दिलं.

"येतंय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. कोनाड्यातला फोन घेतला, नंबर लावला आणि तो खांद्यावर मानेनं दाबून धरला, कारण हात पुन्हा सुपाकडे गेले होते. पलीकडून कुणीतरी उचललं. ती तेलुगूत बोलायला लागली, सावकाश, मध्येच पानं चाचपत. पलीकडच्या आवाजात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. पद्मक्कानं ते रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली, मग पुन्हा बोलली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी सुजाताकडे पाहिलं.

"आत्याला सांगतीय," सुजाता कुजबुजली, "मेघना न्हाय येणार म्हणून. तूच ये म्हणतीय बाळाला घेऊन, उन्हाळाभर राहा, आमी सगळ्या मिळून सांभाळू." तिनं कान देऊन अजून थोडं ऐकलं. "आत्या विचारतीय, का न्हाय येणार."

पद्मक्कानं धाकट्या मुलीकडे बघून फोनमध्ये एकच शब्द उच्चारला आणि विडीचं टोक आत दाबलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"वाचती," सुजाता म्हणाली.

मेघनाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. खोली रिकामी झाल्यामुळे तिला पहिल्यांदाच सगळा पेपर मिळाला होता. ती त्याच्यावर पालथी पडली होती, पाय वर हलवत, आणि चौकटीच्या पुढची बातमी वाचत होती, मोठ्यानं, ऐकायला कुणी नसताना.